रापी आणि बुचाचा मासा

१

हत्यारांचा इतिहास लिहावयास बसलेला आपला इतिहासकार तलवारीपासून सुरुवात करतो. तलवारीला नाव असते, वंशावळ असते, वस्तुसंग्रहालयात तिच्यासाठी मखमल अंथरलेली असते. खुरपे, कोयता, आरी, रापी, गळ यांना नाव नसते आणि मखमलही नसते. जे हत्यार माणसे मारते ते इतिहासात जाते. जे हत्यार माणसे जगवते ते 'लोकजीवन' नावाच्या अडगळीत पडते. ही वाटणी निरागस नाही. कोणाच्या हातातले हत्यार आहे यावरून ते इतिहासाच्या योग्यतेचे की अडगळीच्या, हे ठरत आले आहे.

या लेखात मला अशाच एका क्षुल्लक मानल्या गेलेल्या वस्तूविषयी लिहावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे मासे धरण्यासाठी गरिबाने घरच्या घरी, टाकाऊ सामानातून बनवलेले खोटे आमिष. गळ टाकणारा माणूस साधारणपणे गळाला गांडूळ लावतो. कोणी त्याला काडू म्हणतात, कोणी दानवे म्हणतात. कोणी कणकेची गोळी लावतो, कोणी लहान जिवंत मासोळी लावतो. हे खरे आमिष झाले. खोट्या आमिषात खाण्यासारखे काहीच नसते. लोकर, पीस, शिंपला, लाकूड किंवा पत्रा यांना असा आकार आणि अशी चाल दिलेली असते की शिकारी माशाला ते भक्ष्यच वाटावे.

असा विषय या पानांवर कशासाठी, असे एखादा वाचक विचारील. माझे उत्तर असे की, या चिमूटभर वस्तूच्या इतिहासात तीन मोठे प्रश्न दडलेले आहेत. ज्ञान निर्माण कोण करतो? ते लिहून कोण ठेवतो? आणि शेवटी ते कोणाच्या नावावर जमा होते? हे तिन्ही प्रश्न आपल्या चळवळीचेच प्रश्न आहेत.

२

खोट्या आमिषाचा सर्वांत जुना आणि ठळक लेखी उल्लेख इसवी सन २००च्या सुमाराचा आहे. एलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने प्राण्यांच्या स्वभावावर ग्रीक भाषेत एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने मॅसिडोनियातील अस्ट्रेयस नदीवरच्या मच्छीमारांची एक युक्ती नोंदवली आहे. तेथील मासे पाण्यावर बसणारी एक विशिष्ट माशी खात. त्या माशीला हात लावला की तिचा रंग उडे, पंख गळून पडत, म्हणून ती गळाला लावता येत नसे. मच्छीमारांनी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळली आणि कोंबड्याच्या गलोलीखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसे तिला बांधली. काठी सहा फुटांची, दोरी तेवढ्याच लांबीची. मासा रंगाला भुलून वर येई आणि फसे.

या चार ओळींत केवढे निरीक्षण साठले आहे ते पाहा. मासा काय खातो, केव्हा वर येतो, कोणत्या रंगाला भुलतो, हे सारे कोणी तरी पाण्याकाठी वर्षानुवर्षे बसून टिपलेले आहे. त्यासाठी लागलेले सामान म्हणजे लोकरीचा तुकडा आणि कोंबडी कापल्यावर फेकून दिलेली पिसे. पण एलियनचे नाव अठराशे वर्षे टिकले, त्या मच्छीमारांपैकी एकाचेही टिकले नाही. एलियनने ही गोष्ट ऐकली आणि लिहिली, एवढेच त्याचे कर्तृत्व. आणि ते कमी नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्याने लिहिले नसते तर आज मला लिहिता आले नसते. लिहिणाऱ्याचा अधिकार किती मोठा असतो, हे त्यातून दिसते.

पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या लोकांनी मोत्याच्या शिंपल्याची चकाकणारी पट्टी घासून तिला कासवाच्या पाठीचा किंवा हाडाचा गळ बांधला आणि तो होडीमागून ओढला. लांबून तो पळणाऱ्या लहान माशासारखा दिसे. न्यूझीलंडच्या माओरींनी पावा नावाच्या शिंपल्याची निळी-हिरवी झळाळी त्याच कामी लावली. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी वॉलरसच्या सुळ्यातून इवलेसे मासे कोरले आणि बर्फाला भोक पाडून ते खाली सोडले. या वस्तू आज युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत काचेआड आहेत. अशा वस्तूंखालच्या चिठ्ठीवर संग्राहकाचे नाव सापडते. कारागिराच्या जागी बहुधा फक्त जमातीचे नाव असते.

आता इंग्लंडकडे वळू. गळाच्या मासेमारीवरचे इंग्रजीतील पहिले छापील पुस्तक १४९६ साली वेस्टमिन्स्टर येथे विनकिन द वर्ड या मुद्रकाने छापले. त्यात घरच्या घरी साहित्य बनवण्याची कृती बारकाईने सांगितली आहे. लहान गळासाठी साधी सुई घ्यावी, मोठ्यासाठी शिंप्याची किंवा मोच्याची. कोळशाच्या विस्तवात ती लाल होईपर्यंत तापवावी, थंड करून तिला सुरीने काटा उचलावा, टोक घासावे, पुन्हा तापवून वाकवावे आणि शेवटी पाणी पाजून कडक करावे. दोरीसाठी घोड्याच्या शेपटीचे केस पिळावेत. लोकर आणि पिसे यांपासून बारा प्रकारच्या खोट्या माश्या कशा बांधाव्यात, तेही दिले आहे. लोहार, शिंपी, मोची, गुराखी यांच्या हातांतले ज्ञान येथे पहिल्यांदा छापील अक्षरात उतरले.

पण याच पुस्तकाच्या शेवटी एक कबुली आहे, आणि ती आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. हा मजकूर स्वतंत्र लहान पुस्तिका म्हणून छापला असता तर तो कोणाही रिकामटेकड्याच्या हाती थोड्या पैशात पडला असता. म्हणून तो ससाण्यांची शिकार, पारध आणि कुलचिन्हे यांवरच्या सरदारी ग्रंथात, मोठ्या आकारात बांधला आहे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ज्ञान कष्टकऱ्याच्या कामाचे, कृती सुई आणि कोंबडीच्या पिसाची, आणि पुस्तक मुद्दाम महाग, का तर ते गरिबाला परवडू नये!

आपल्याकडे गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला रस ओतण्याची शिक्षा सांगितली. वेस्टमिन्स्टरच्या मुद्रकाला तसे काही करावे लागले नाही. पुस्तकाची किंमतच पुरेशी झाली. हेतू दोन्हीकडे एकच, की ज्ञानाच्या दारावर पहारेकरी असावा. फरक असा की, किमतीचा पहारा काळाबरोबर ढिला होतो. कागद स्वस्त होतो, छपाई वाढते, आज ना उद्या पुस्तक हाती येते. जन्माचा पहारा कागद स्वस्त झाल्याने ढिला होत नाही. तो पाडावाच लागतो.

३

या पार्श्वभूमीवर मला विसाव्या शतकातल्या एका मजुराची कहाणी सांगावयाची आहे. त्याचे नाव लाउरी रापाला. फिनलंडमधल्या सुस्मा या गावी १९०५ साली तो जन्मला. मासेमारीचा छंद असणाऱ्या जगभरच्या लोकांना हे आडनाव ठाऊक आहे, कारण ते आज खोट्या आमिषांच्या एका मोठ्या कंपनीचे नाव आहे. ते मुळात कसे आले याची हकिगत कमी लोकांना ठाऊक असते.

लाउरी लहान असताना त्याची आई त्याला घेऊन असिक्काला या परगण्यात राहावयास आली. तेथील चर्चच्या वहीत नोंद करताना पाद्र्याला त्या गरीब बाईचे आडनाव आठवेना. तेव्हा ती ज्या वाडीतून आली त्या वाडीचे नाव, रापाला, त्याने आडनाव म्हणून टाकून दिले, असे सांगितले जाते. फिनिश भाषेत 'रापा' म्हणजे चिखल. एका कष्टकरी बाईला आणि तिच्या पोराला धर्मगुरूच्या लेखणीने चिखलाचे नाव दिले. कचरू, दगडू, उकिरडा ही नावे ज्यांच्या घरात नांदली त्यांना यावर अधिक भाष्य नको. शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलेच आहे. फिनलंडमध्ये जे एका पाद्र्याच्या विसराळूपणातून घडले ते आपल्याकडे शास्त्राच्या आज्ञेने घडत होते.

लाउरी मोठा झाला तो मजूर म्हणूनच. हिवाळ्यात जंगलात लाकूडतोड, एरवी शेतावर मजुरी आणि पायान्ने या विस्तीर्ण सरोवरावर मासेमारी. १९२८ साली लग्न झाले, संसार वाढला, आणि पाठोपाठ जागतिक मंदी आली. मासेमारीची त्याची रीत मेहनतीची होती. लांबलचक दोरीला शेकडो गळ बांधावयाचे, प्रत्येकाला लहान मासोळी टोचावयाची, दोरी पाण्यात सोडावयाची आणि मग होडी वल्हवीत एकेक गळ तपासावयाचा. मासोळ्या धरण्यात आणि टोचण्यात दिवसाचा मोठा भाग जाई. दिवसाची कमाई किती गळांना आमिष लागले यावर अवलंबून असे.

वल्हवता वल्हवता तो पाण्यात पाहत राही. लहान मासोळ्यांचा थवा चाललेला असे, आणि एखादा मोठा शिकारी मासा त्या थव्यावर तुटून पडे. तो कोणत्याही मासोळीवर झडप घालीत नाही, हे लाउरीच्या ध्यानात आले. जी मासोळी जखमी आहे, जिची चाल किंचित वाकडी आहे, जी डुलत, लंगडत पोहते, तिलाच तो हेरतो. तेव्हा खोट्या माशाचा रंग आणि आकार दुय्यम. त्याची चाल अशी लंगडी हवी.

१९३६ साली त्याला मनासारखा पहिला मासा साधला. तो बुचाचा होता. बूच त्याने मोच्याच्या सुरीने, म्हणजे आपल्या भाषेत रापीने, कोरले आणि पॉलिशपेपरने घासले. चकाकी आणण्यासाठी चॉकलेट आणि चीज यांच्या वेष्टनाचा चंदेरी कागद वर चिकटवला. लाखेचे रोगण विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप चढवला. वरची बाजू काळी, कूस सोनेरी, पोट पांढरे. म्हणजे एक बूच, खाऊचा कागद, कोणाच्या तरी जुन्या फोटोंच्या पट्ट्या आणि एक उसनवारीची वाटावी अशी सुरी, एवढेच भांडवल.

४

हा मासा डुलतो का, हे समजून घेतले पाहिजे. नाही तर आपणही या ज्ञानाला 'कारागिरी' म्हणून मोकळे होऊ.

खोटा मासा पाण्यापेक्षा हलका असतो, म्हणून ढील दिली की वर तरंगतो. त्याच्या हनुवटीखाली एक लहानशी तिरपी पट्टी, जिभेसारखी, बसवलेली असते. दोरी ओढली की पाणी या पट्टीवर आदळते आणि माशाचे डोके खाली दाबले जाते. मासा बुडी घेतो. पट्टीच्या दोन्ही कडांवरून सुटणारे पाणी सारखे सुटत नाही. एकदा डाव्या कडेने भोवरा सुटतो, एकदा उजव्या. प्रत्येक भोवरा डोक्याला आपल्या बाजूला खेचतो, शेपूट विरुद्ध बाजूला जाते, आणि सबंध अंग डोलू लागते. पट्टी लांब आणि आडवी असेल तर मासा खोल जातो, आखूड आणि उभट असेल तर उथळ राहतो. वजन पोटाकडे नसेल तर तो कलंडतो. नाकाशी जेथे दोरी बांधतात ते तारेचे कडे केसभर वाकवले तरी चाल बदलते. मासा उजवीकडे पळत असेल तर कडे डावीकडे वाकवावयाचे.

दुसऱ्या बाजूने माशाच्या शरीराचा विचार करावा लागतो. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनारेषा असते. पाण्यातले बारीक कंप त्याला तिच्यातून कळतात. गढूळ पाण्यात, अंधारातही जखमी मासोळीची धडपड तो या रेषेने 'ऐकतो'. डोलणारे बूच तोच कंप पाण्यात सोडते.

जलशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांचा असा मेळ एका लाकूडतोड्याने घातला. त्याला हे शब्द माहीत असण्याची गरज नव्हती. त्याची प्रयोगशाळा सरोवर होती आणि प्रयोगाची कसोटी अशी कठोर की चुकले तर संध्याकाळी चुलीवर काही चढावयाचे नाही. पुढे कारखाना निघाल्यावरही प्रत्येक मासा पाण्याच्या टाकीत ओढून, त्याची चाल हाताने दुरुस्त करून मगच पेटीत भरण्याची रीत पडली. निरीक्षण, तर्क, प्रयोग, दुरुस्ती आणि पुन्हा प्रयोग, यालाच विज्ञान म्हणतात. पुस्तकात झाले तर विज्ञान आणि होडीत झाले तर 'हातखंडा', ही विभागणी ज्यांनी केली त्यांचे हात कधी ओले झालेले नव्हते.

५

आता त्या रापीकडे यावे लागेल, कारण माझा खरा मुद्दा तेथे आहे.

लाउरी रापाला मोची नव्हता. तो लाकूडतोड्या होता, मासेमार होता. त्याने मोच्याची सुरी उचलली, लाकूड कोरणाऱ्याचे काम केले, मुलामा देणाऱ्यासारखा चंदेरी कागद मढवला, रंगाऱ्यासारखा लेप दिला, लोहारासारखी तार वाकवली. एका माणसाच्या दोन हातांनी पाच व्यवसायांची हत्यारे एकापाठोपाठ एक हाताळली. मोच्याची सुरी धरली म्हणून तो मोची झाला नाही. त्याच्या ताटाला ताट लावून जेवणारे उठून गेले नाहीत.

हेच आपल्या गावगाड्यात कसे घडले असते? रापी चांभाराची. लाकूड सुताराचे. तार लोहाराची. मुलामा सोनार-कासाराचा. होडी आणि जाळे भोयाचे, कोळ्याचे. एका बुचाच्या माशासाठी पाच जातींच्या वेशी ओलांडाव्या लागल्या असत्या. ज्याच्या डोक्यात कल्पना आली असती त्याच्या हातात हत्यार नसते, आणि ज्याच्या हातात हत्यार त्याला पाण्याकडे पाहण्याची उसंत नसती. आपल्या कारागिरांची बोटे कुणापेक्षाही कमी कुशल नव्हती. चामड्याला, मातीला, बांबूला, लोखंडाला त्यांनी जो आकार दिला तो जगाने पाहिला आहे. पण प्रत्येक कौशल्य एकेका जातीच्या कोंडवाड्यात बंद होते. एका कौशल्याचा दुसऱ्याशी संकर झाल्याशिवाय नवी वस्तू जन्मत नाही, आणि आपल्या समाजाला सर्वांत मोठी भीती संकराचीच होती.

ज्या १९३६ साली पायान्नेकाठी हे बूच कोरले जात होते, त्याच वर्षी मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण तेथे होऊ न दिलेले भाषण स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हा त्यातला सिद्धान्त आपण सारे सभांतून सांगतो. पण त्याच्या पुढचे विवेचन आपण पुरेसे वाचत नाही. माणसाला स्वतःच्या कलाने व्यवसाय निवडता वा बदलता येत नाही, लादलेल्या कामात त्याचे मन आणि बुद्धी उतरत नाही, आणि म्हणून ही व्यवस्था आर्थिकदृष्ट्याही घातक आहे, असे बाबासाहेबांनी तेथे मांडले आहे. फिनलंडच्या त्या मजुराची कहाणी या सिद्धान्ताची उलट बाजूने दिलेली साक्ष आहे. दारिद्र्य होते, अपमान होता, चिखलाचे नाव होते. परंतु हत्यारे जातींत वाटलेली नव्हती.

दुसरी गोष्ट पाण्याची. माशाची लंगडी चाल कळावयास पाण्याजवळ तासन् तास बसावे लागते. लाउरी होडीतून सरोवरात वाकून पाहत होता तेव्हा पाणी बाटले म्हणून त्याला कोणी हाकलले नाही. आपल्याकडे सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, तरी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि त्यानंतर आमच्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या. तळ्याचा खटला उच्च न्यायालयात १९३७ साली निकाली निघाला. ज्या समाजात पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवण्यात एक पिढी खर्ची पडते, त्या समाजाला 'तुम्ही शोध का लावले नाहीत' असे विचारणे हा निर्लज्जपणा आहे.

तिसरी गोष्ट सत्तेची. १८७३ साली, म्हणजे जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' आणि सत्यशोधक समाज यांच्याच वर्षी, एच. एस. थॉमस या मद्रासकडच्या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक मंगळुरात छापले गेले. महसीर मासा गळाने कसा धरावा याचे ते साहेबांसाठीचे मार्गदर्शक. थॉमस अभ्यासू होता. मासे टिकावेत ही त्याची तळमळ खोटी नव्हती. पुढे १८९७ साली मत्स्यव्यवसायाचा कायदा आला. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारण्याला त्याने बंदी केली, आणि ते योग्यच होते. पण त्याच कायद्याने बांध, पिंजरे, सापळे आणि जाळ्यांची भोके यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारकडे आला. सापळे आणि बांध कोणाचे? पोटासाठी मासे धरणाऱ्याचे. काठी आणि चकाकती पत्र्याची आमिषे कोणाची? रजेवर आलेल्या साहेबाची. एकाची ती 'नासधूस', दुसऱ्याची ती 'क्रीडा'. जंगलखात्याने शेतकऱ्याची गुरे आणि गवत कसे हिरावले हे जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहून ठेवले आहे. नदीनाल्यांच्या बाबतीत तसे लिहिणारा आम्हांला मिळाला नाही.

६

येथे मला आमच्या वस्तीतल्या एका आज्याविषयी चार वाक्ये लिहिलीच पाहिजेत. बादलीच्या तुटलेल्या कडीची तार तो विस्तवात तापवी, दगडावर ठेचून तिचा गळ करी आणि त्याच दगडावर टोक घाशी. जोंधळ्याच्या ताटाचा वाळका तुकडा दोरीला तरंगत ठेवी. तो कसा थरथरतो यावरून खाली मरळ आहे की शिंगाडा हे सांगे. पहिल्या पुरानंतर कोणत्या वळणावर मासा थांबतो, आभाळ भरून आल्यावर गळ किती खोल सोडावा, हे त्याला तोंडपाठ होते. त्याला अक्षर येत नव्हते. त्याच्या लहानपणी शाळेच्या ओट्याखाली बसून ऐकू आले तेवढेच त्याचे शिक्षण. तो गेला तेव्हा त्याच्याबरोबर त्या नदीचे एक पुस्तक गेले. आज त्या वळणावर धरणाचे पाणी आहे आणि वळणही राहिलेले नाही.

रापालाच्या बुचाच्या माशाचे तसे झाले नाही, आणि का झाले नाही हे पाहणे उद्बोधक आहे. तो एकटाच 'अलौकिक' होता म्हणून नव्हे. गरीब माणूस जिद्दीने वर येतो, तुम्हीही या, हा शहाजोग उपदेश प्रस्थापितांना फार आवडतो, कारण त्यात व्यवस्थेला काही बदलावे लागत नाही. फिनलंडमध्ये व्यवस्था बदलत होती. लाउरीच्या जन्माच्या दुसऱ्याच वर्षी, १९०६ साली, तेथे स्त्री-पुरुष सर्वांना मताधिकार मिळाला. १९०७च्या निवडणुकीत स्त्रिया संसदेत गेल्या. १९१८ साली त्या देशाने भीषण यादवी युद्ध पाहिले, हजारो श्रमिक मेले; त्याच वर्षी कसणाऱ्या कुळांना जमीन विकत घेता येईल असा कायदाही झाला. १९२१ साली शिक्षण सक्तीचे झाले. आणि ज्या चर्चने त्याला चिखलाचे नाव दिले, त्याच चर्चचा जुना दंडक असा होता की वाचता आल्याखेरीज लग्न लागावयाचे नाही. तेथील धर्मगुरू गरिबाला वाचावयास भाग पाडीत होता. येथील धर्मगुरू वाचणाऱ्याला शिक्षा सांगत होता. दोन देशांच्या भवितव्यातला फरक या एका वाक्यात पुष्कळसा सामावलेला आहे.

पुढची हकिगत बाजाराची आहे आणि ती थोडक्यात सांगतो. बुचाच्या जागी झाडाची साल आली, नंतर बाल्सा हे हलके लाकूड आले. मुले बापाच्या हाताखाली कोरू लागली. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला आलेल्या पाहुण्यांनी हे मासे देशोदेशी नेले. १९५९ साली मिनेसोटातील रॉन वेबर या विक्रेत्याच्या नजरेस ते पडले आणि रे ऑस्ट्रमसह त्याने ते अमेरिकेत आणावयास सुरुवात केली. ऑगस्ट १९६२मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या ज्या अंकावर नुकत्याच निवर्तलेल्या मेरिलिन मन्रोचे चित्र होते त्याच अंकात या आमिषावर लेख आला; अंक प्रचंड खपला आणि मागण्यांचा पूर लोटला. १९७४ साली लाउरी वारला तेव्हा चिखलाचे नाव जगभरच्या दुकानांत झळकत होते.

यात आनंद मानण्यासारखे आहे, पण ते डोळे उघडे ठेवून. रोगण परवडत नाही म्हणून निगेटिव्ह वितळवणाऱ्याची वस्तू आज सुट्टीचा छंद म्हणून विकली जाते; पोटासाठी गळ टाकणाऱ्या माणसाला त्या दुकानात परवडेल असे थोडेच असते. बाजार गरिबाचे ज्ञान उचलतो तेव्हा गरिबाला बरोबर नेतोच असे नाही. रापाला कुटुंबाच्या बाबतीत नाव आणि मोबदला दोन्ही घरात राहिले, हा अपवाद आहे. मॅसिडोनियाचे मच्छीमार, माओरी आणि इन्युइट कारागीर, आमच्या वस्तीतला आजा, हा नियम आहे.

मग करावयाचे काय? कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे साधे आहे. आपल्या साहित्याने दुःख लिहिले, अपमान लिहिला, विद्रोह लिहिला. ते लिहिणे आवश्यक होते आणि आजही आहे. पण आपल्या माणसांना जे कळत होते तेही लिहिले पाहिजे. चामडे किती दिवस कशात भिजवावे, हलगी कोणत्या उन्हात तापवावी, दोरखंडाचा पीळ कोणत्या हाताने द्यावा, मेलेल्या जनावराच्या कोणत्या भागाचा काय उपयोग, डोहात मासा कोठे असतो, हे सारे ज्ञान आहे. ते सक्तीच्या, लाजिरवाण्या कामांतून आले म्हणून लाजिरवाणे होत नाही. काम टाकून देण्याचा हक्क बाबासाहेबांनी आपल्याला मिळवून दिला, आणि तो कोणी परत मागू नये. गावकीची कामे सोडलीच पाहिजेत. पण काम सोडणे वेगळे आणि ते करताना आपल्या बापजाद्यांनी कमावलेली बुद्धी 'अडाणीपणा' म्हणून दुसऱ्याच्या शब्दात विसरून जाणे वेगळे.

महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने सुट्टीत गावी जाताना एक वही न्यावी. आज्या-आजीला देवाधर्माच्या गोष्टी विचारण्याऐवजी हत्याराविषयी विचारावे: हे कोणी केले, कशाचे केले, असेच का केले, मोडले तेव्हा काय केले? सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव वहीच्या वरच्या ओळीत लिहावे, आणि स्वतःचे त्याच्याखाली. नोंदीचा हा क्रम उलटा होऊ देऊ नये. लोकर आणि पिसे बांधणारा कोण होता हे एलियनने विचारले नाही. बुचाचा मासा कोणी कोरला हे जगाला ठाऊक आहे, कारण कोरणाऱ्याच्या हातात रापी होती, समोर पाणी होते आणि शेजारी शाळा होती. पाणी आणि शाळा आपण लढून मिळवली आहेत. आता रापीचा इतिहास, ती धरणाऱ्याच्या नावासकट, आपणच लिहावयाचा आहे.